चार चांदण्यांची गाडी

"मला धरलंस कशाला?"

"मंग काय करू? तुमची फटफटी पटरीवरून उड्या मारीत निघाली. पडू का?"

"गेटावर माणसं हुबी होती. सगळे फिदीफिदी हसले. बायको इळखा घालून बसली म्हणले."

"इळखा कुठं? सदऱ्याचा कोपरा धरला व्हता."

"कोपरा बी धरायचा न्हाई. मांडीवर हात ठिवून सरळ बसायचं. मी चालवून राह्यलो ना? भरवसा न्हाई का माझ्यावर?"

"आन पडले मंग?"

"पडलीस तर उचलीन."

हे भांडण मी भिंतीआडून ऐकलं. जालना जिल्हा नवा झाला ते साल. बदनापूरला आम्ही दोघी जावा एका छपराखाली राहत होतो आणि मधली भिंत अर्ध्या विटेची होती. पलीकडे फोडणीत मिरची जास्त झाली तर ठसका अलीकडे लागायचा. मी भाकरी थापत होते. "पडलीस तर उचलीन" कानावर आलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबून हसले. माझ्या दिरानं, कारभारीनं, तोवर घरात पडलेली वाटीसुद्धा कधी उचलली नव्हती.

पुढच्याच बाजाराला माझी जाऊ द्वारका पडली. त्याच रेल्वे गेटावर, त्याच पटरीवर. मांडीवर हात ठेवून सरळ बसली होती, सांगितल्याप्रमाणे. पटरीनं फटफटीला उडवलं, फटफटीनं द्वारकेला. आता नवरा उचलायला आला म्हणाल तर त्याला पत्ताच नाही. तो तसाच बाजारात गेला, गाडी उभी केली आणि मागं न बघता म्हणाला, "उतर." कुणी उतरेना. "उतर की जल्दी, काय झोपलीस का?" भाजीवाल्या बाया एकमेकींकडं बघायला लागल्या, तेव्हा त्यानं मान वळवली. इकडं गेटवाल्यानं आणि दोन हमालांनी द्वारकेला उचलून सावलीत बसवलं होतं. तिचा डावा कोपर पुढं कधी सरळ झाला नाही. अजूनही ती पाण्याचा तांब्या देते तेव्हा हात जरा वाकडाच येतो.

कारभारीचं त्यावर म्हणणं काय, तर "वजन कमी पडलं. गाडी हलकी, बाई हलकी. जड असती तर पडली नसती."

हे मी लिहून ठेवते आहे त्याला कारण आहे. कारभारी गेला तेव्हा दहाव्याला लोक उभे राहून बोलले. दिलदार माणूस, धाडसी माणूस, मरणाच्या दाढेतून गाडीसकट परत आलेला माणूस. मी पडद्यामागं बसून ऐकत होते. माझी शाळा चौथीपर्यंतची, तीही पावसाळ्यात बंद. पण अक्षर जुळवता येतं. म्हटलं, दिलदार तर दिलदार, पण गाडीचं तेवढं खरं लिहून ठेवावं.

कारभारीचा धंदा भंगाराचा. जालन्याच्या एमआयडीसीत जुनं लोखंड वितळवून सळया ओढतात, त्या कारखान्यांना तो माल पुरवायचा. आधी फुटकी घमेली, सायकलींचे सांगाडे, विहिरीवरचे मोडके रहाट. मग हळूहळू अपघातात चेपलेल्या गाड्या. जालन्याला त्यानं मोठी जागा घेतली, पत्र्याचं कुंपण घातलं आणि आत चेपलेल्या गाड्यांची रांग लावली. आम्ही बदनापूरला राहिलो, तो द्वारकेला घेऊन तिकडं गेला. कधी गेलं की तो मला त्या रांगेतून फिरवायचा, जसा एखादा बागाईतदार मोसंबीतून फिरवतो.

"ह्या जीपात तिघं होते, वैनी. ह्या कारमधी नवरा-बायको. बघा, नाक कसं चेपलं. पत्रा हाय का पापड?" असं म्हणून तो बोटाच्या टिचकीनं पत्रा वाजवायचा. टरबूज वाजवून घेतात ना, तसं. टण्ण आवाज आला की खूश, भद्द आला की तोंड वाकडं. माणूस का मेला, गाडी किती जोरात होती, चालवणारा दारू प्यालेला होता की झोपलेला, यातलं काही त्याला विचारायचं नसायचं. त्याचा एकच सिद्धांत होता. नाक मऊ म्हणून माणूस मेला. जन्मभर लोखंड तोलून तोलून त्याची अक्कलही वजनकाट्यावर जाऊन बसली होती. जड ते चांगलं, हलकं ते वाईट. बायकोसुद्धा.

दोन हजार साल उलटल्यावर त्यानं मोठी गाडी घेतली. नाव मी लिहीत नाही, कंपनीचा काही दोष नव्हता. लांबलचक, विलायतेतली जात, मागं डिकी एवढी मोठी की आमच्या शेरडाचं अख्खं कुटुंब मावावं. एका कारखानदाराकडं तशी गाडी होती म्हणून ह्यालाही तीच पाहिजे होती. गाडीबरोबर औरंगाबादच्या दुकानदारानं एक सीडी दिली. त्या सीडीनंच सगळा घोटाळा केला.

कारभारीनं घरी माणसं बोलावली. चहा, चिवडा, टीव्हीसमोर सतरंजी. मी आणि आमचे हे बदनापूरहून गेलो. शेजारचा तातेराव आला. हा तातेराव म्हणजे कारभारीच्या प्रत्येक वाक्याला मान हलवणारा माणूस. पंख्याला वीज लागते, ह्याला तेवढीही लागत नव्हती.

सीडीत काय होतं, तर परमुलुखात एक मोठं घर, पांढरे दिवे, आणि ती गाडी एका ठोकळ्यावर नेऊन आदळतात. मुद्दाम. चांगली नवी कोरी गाडी! माझ्या शेजारी द्वारकेनं जीभच चावली. आत माणसाएवढ्या बाहुल्या बसवल्या होत्या. नाक चेपलं, काचा उडाल्या, पुढून एक पांढरा फुगा फस्सकन बाहेर आला आणि बाहुलीनं त्यात तोंड घातलं. मग तेच सगळं पुन्हा हळूहळू दाखवलं. शेवटी पडद्यावर चार चांदण्या आल्या.

"बघितलं का?" कारभारी उठून उभा राहिला. "चार! विलायतेत परीक्षा देऊन आल्ती माझी गाडी. चार चांदण्यांनी पास."

"तुमची हीच गाडी आदळली का?" तातेरावानं विचारलं.

"हिची बहीण. रक्त एकच."

द्वारका पडद्याकडं बघतच होती. ती म्हणाली, "त्या बाहुल्यांना पट्ट्यानं बांधलंय कशाला?"

"बाहुलीला जीव हाय का? ती बसल का नीट? लवंडल म्हणून बांधली. तुला जीव हाय ना?"

"हाय."

"मंग तुला पट्टा कशाला पाह्यजे?"

सगळे हसले. तातेरावाला तर ठसका लागला. मला हसू आलं नाही, कारण द्वारका हसली नव्हती. तिचा उजवा हात डाव्या कोपरावर गेला होता.

"आन त्यो फुगा?" तिनं विचारलं. "आपल्या गाडीत हाय का?"

"फुगेवाली महाग व्हती. फुगा लेकराला लागतो."

म्हणजे बघा. परीक्षा दिली फुगेवालीनं, पट्टेवालीनं. ह्यानं आणली बिनफुग्याची, पट्टा बांधणार नाही म्हणतो, आणि चांदण्या मात्र चारी याच्या. शेजारच्या पोरानं बारावी पास केली म्हणून आपण पेढे वाटावे, त्यातलाच प्रकार. पेढे वाटलेही त्यानं. आणि दुसऱ्या दिवशी रेडियमवाल्याकडून चार पिवळ्या चांदण्या कापून मागच्या काचेवर ओळीनं चिकटवल्या. फौजदाराच्या खांद्यावरही तेवढ्या नसतात.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सीडीतलं नाक चेपलेलं त्याच्या मनातून जाईना. चांदण्या मिळाल्या याचा आनंद होता, पण नाक चेपलं हा कलंक वाटत होता. दुकानदारानं त्याला फोनवर सांगितलं, साहेब, नाक मुद्दामच तसं केलेलं असतं, ते चेपतं म्हणून दणका तिथंच जिरतो आणि आतला माणूस वाचतो. कारभारीनं हे आम्हाला असं सांगितलं, जणू एखाद्या पोराचं बोबडं बोलणं सांगतोय.

"म्हणे चेपतंय तेच चांगलं! मला येडं समजून राह्यला का? भंगारात जन्म गेला माझा. चेपलेल्या गाड्या मी पाह्यल्या का त्यानं?"

मग त्यानं एमआयडीसीतल्या वसंता वेल्डरला गाठलं. कारखान्यातून जाडजूड लोखंडी पट्ट्या आणल्या, ज्यांनी बंगल्याचा स्लॅब उचलावा. त्यांचा पुढं गार्ड केला, आडवा उभा, आणि थेट गाडीच्या सांगाड्याला ठोकून पक्का केला. वसंता म्हणाला, "मालक, हे लई जड व्हईल." बस, ह्याला तेच ऐकायचं होतं. म्हणाला, "अजून एक पट्टी मार." गाडी पुढून अशी दिसायला लागली, जशी मारक्या बैलाला मुसकी घालावी.

"जालन्याचं लोखंड हाय," तो गार्डवर थाप मारून म्हणायचा. "विलायतेचा पत्रा, जालन्याचं लोखंड. आता द्या म्हणावं पाचवी चांदणी."

आमचे हे कमी बोलतात. त्या दिवशी बोलले. "कारभारी, कुंभार बाजारात मडकी नेतो ती भुशात घालून नेतो. लोखंडी पेटीत घालून न्हाई नेत."

"दादा, आपण काय मडकं हाय का?"

"मंग काय हाय?"

कारभारी हसला आणि चहा सांगितला. 

गाडीच्या आत त्यानं सीटांना मखमलीचे अभ्रे शिवून घेतले. लाल, जांभळी झालर लावलेले. लग्नातल्या खुर्चीसारखे. गादीवाल्यानं विचारलं, पट्टे बाहेर काढायला कुठं कापू? हा म्हणाला, "कापू नको. खाली गाडून टाक. पट्टा जनावराच्या गळ्यात शोभतो." तर पट्टे मखमलीखाली गाडले गेले आणि द्वारका त्या मखमलीवर बसली. पुढच्या सीटवर, नवऱ्याशेजारी, पदर सावरून, मांडीवर हात ठेवून सरळ.

ती मला म्हणाली होती, "बाई, मला मरायचं भ्याव न्हाई. यमानं बोलावलं तर चप्पल न घालता जाईन. पण ह्यांच्या फुशारकीपायी मरायचं न्हाई. एकदा पडले, ती हलकी म्हणून. आता मेले तर काय म्हणतील? बाईचंच नाक मऊ व्हतं म्हणतील."

दर अमावस्येला तो तिला घेऊन जांब समर्थला जायचा. देवळात दर्शन, आणि देवळाबाहेर गाडीचं दर्शन. परतल्यावर द्वारकेचे तळहात बघायचे. नखांचे चंद्र उमटलेले असायचे. दाराच्या वरची कडी धरायची तीही चोरून, कारण ती धरली की तो म्हणायचा, "लोक म्हणतील नवऱ्याला चालवता येत न्हाई."

मग एकदा तिनं शिवणाची कात्री घेतली आणि मखमल कापली. नीट, कडेकडेनं, बटणाची काजं करतात तशी. पट्टा वर काढला, कडा दुमडून टाके घातले. कारभारीनं बघितलं आणि आकाशपाताळ एक केलं. मी त्या दिवशी तिथंच होते, मेथी निवडत.

"लाल मखमल! औरंगाबादची! कापली?"

"टाके घातलेत."

"पट्टा लावून बसणार तू? माझ्या बाजूला? तातेराव बघल, बाजार बघल. म्हणतील बायकोचा भरवसा न्हाई."

"भरवसा पट्ट्यावर हाय."

"मंग गाडीत बसू नको!"

"बरं," द्वारका म्हणाली. "एसटी हाय."

आणि खरंच, पुढच्या अमावस्येला ती जालन्याच्या स्टँडवरून एसटीनं निघाली. हा मागून गाडी घेऊन निघाला, एकटा. अंबडच्या स्टँडवर एसटी थांबली, हाही थांबला. खिडकीखाली जाऊन खालच्या आवाजात म्हणाला, "उतर." हिनं शेंगा सोलत सांगितलं, "तिकीट काढलंय." एसटीतल्या बायांनी मान बाहेर काढून विचारलं, कोण हे? द्वारका म्हणाली, "मालक हायत. त्यांची गाडी लई मजबूत हाय. म्हणून मी हितं."

एसटी हसली. ड्रायव्हर हसला, कंडक्टर हसला, चहावाला हसला. कारभारीला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती होती, लोक हसतील याची. मरण त्याच्या खिजगणतीत नव्हतं. तोंड काळंठिक्कर करून तो जांबला पोचला आणि देवळाच्या पायरीवर बायकोला म्हणाला, "लाव तुझा पट्टा. पण वरून पदर घे. दिसला न्हाई पाह्यजे बिलकुल."

असा तह झाला. पट्टा आत, पदर वर. द्वारका पदराखाली मंगळसूत्र झाकावं तशी पट्टा झाकायची. मला म्हणाली, "जनमात पह्यल्यांदा काहीतरी धरून बसले, बाई."

रामनवमीला जांबला मोठी गर्दी असते. त्या वर्षीही दोघं सकाळीच निघाली. मला चला म्हणाले होते, पण बंद गाडीत माझ्या पोटात ढवळतं, मी गेले नाही. पुढचं द्वारकेनं सांगितलं तसं लिहिते.

अंबड सोडल्यावर रस्त्यात मेंढरं आडवी आली. पुष्कळ. मेंढक्यानं हात केला. कारभारीनं ब्रेक लावला का? नाही. हॉर्न लावला. त्याचं असं होतं की अशी गाडी बघून समोरच्यानंच बाजूला व्हावं. आता मेंढरांना चांदण्या वाचता येत नव्हत्या, आणि चांदण्या होत्याही मागच्या काचेवर. अगदी जवळ गेल्यावर त्यानं ब्रेक दाबला आणि चाक फिरवलं. गाडी रस्ता सोडून उतरली आणि कडेच्या लिंबाच्या झाडावर जाऊन धडकली. वेग फार उरला नव्हता. एवढा दणका सीडीतल्या गाडीनं नाक चेपून पचवला असता, ढेकर दिला असता.

पण नाकावर जालन्याचं लोखंड होतं. ते चेपलं नाही. झाडही चेपलं नाही, लिंब जुना होता. मग दणका कुठं जाणार? तो सरळ आत आला आणि कुणाला बांधलेलं नाही ते शोधायला लागला. कारभारी सापडला.

द्वारका म्हणाली, "मला पट्ट्यानं अशी आवळली, बाई, वाटलं जीव जातो. डोळं उघडलं तर मी हाय तिथंच हाय. ह्यांच्याकडं बघितलं तर हे स्टिअरिंगच्या अंगावर. तोंड रक्तानं भरल्यालं. हाक मारली तर दात थुकले."

मेंढक्यानं आणि त्याच्या बायकोनं त्याला बाहेर काढलं. दार लवकर उघडेना. द्वारकेनं एका अंगानं ओढलं, वाकड्या कोपरानं. जालन्याच्या दवाखान्यात आम्ही पोचलो तेव्हा त्याच्या बरगड्या मोडलेल्या, गळ्याचं हाड मोडलेलं, खुबा सरकलेला, पुढचे दात गेलेले. द्वारकेच्या खांद्यापासून कमरेपर्यंत पट्ट्याएवढा रुंद काळानिळा पट्टा उमटला होता. तिनं मला मोरीत नेऊन पदर बाजूला करून दाखवला. घाबरलेली नव्हती. "बघा," म्हणाली. नवी पैठणी दाखवावी तसं.

कारभारी शुद्धीवर आला. भोवती आम्ही सगळे. ओठ सुजून भाकरीएवढे झाले होते. काहीतरी पुटपुटला. मला वाटलं बायकोचं विचारतोय. द्वारकेलाही वाटलं, ती पुढं वाकली. त्यानं विचारलं होतं,

"गाडीला काय झालं?"

तातेराव पुढं सरसावला. तो त्या झाडाजवळ जाऊन गाडी बघून आला होता. "ओरखडा न्हाई, मालक! गार्डचा रंग तेवढा गेला. दिवा बी फुटला न्हाई. नाक जसंच्या तसं."

त्या सुजलेल्या तोंडावर हसू आलं, ते मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. बिनदाताचं. "म्हणलो न्हवतो का?" तो म्हणाला. "जालन्याचं लोखंड."

स्टिअरिंग तेवढं वाकलं होतं, ते कशानं वाकलं हे तातेरावानं सांगितलं नाही. गाडीची दारंही पुढं कधी नीट लागली नाहीत, प्रत्येक दार दोनदा आपटावं लागायचं. पण तो हिशोब कोण करतो? मी आमच्या ह्यांना कोपरानं ढोसलं. म्हटलं, बोला की आता मडक्याचं. ते म्हणाले, "दात पडलेल्या माणसाशी काय वाद घालायचा."

मग लोक भेटायला येऊ लागले. आधी दवाखान्यात त्याला बघायचे, मग त्याच्या अंगणात जाऊन गाडी बघायचे. गाडीपाशी जास्त वेळ थांबायचे. गार्डला हात लावायचे, वाजवून बघायचे. माणूस भंगारात जमा झाला होता आणि गाडी तेवढी चांगली, आणि सगळ्यांचं मत एकच, गाडी लई भारी. त्या वर्षात वसंता वेल्डरनं असे गार्ड पुष्कळ करून दिले. एमआयडीसीत मोटारींच्या रांगेत बघावं तर प्रत्येकीला मुसकी.

कारभारीची गोष्ट वर्षावर्षाला वाढत गेली. आधी झाडाला धडकला होता. मग झाड हललं होतं. शेवटी शेवटी झाड आडवं झालं होतं. मी एकदा जांबला एसटीनं गेले तेव्हा मुद्दाम खिडकीशी बसून बघितलं. लिंब उभाच होता. खोडाची साल एके ठिकाणी निघाली होती, बाकी खाली शेरडं सावलीला बसलेली.

पट्टा त्यानं नंतरही लावला नाही. विचारलं तर म्हणायचा, "बरगड्या दुखतात." बरगड्या कशानं मोडल्या, हे विचारायची सोय नव्हती. लगेच झाड पाडायला लागायचा.

पण एक गोष्ट बदलली. ती त्यानं कुणाला सांगितली नाही आणि दहाव्याला कुणी बोललं नाही, म्हणून मी लिहिते. ती गाडी बसायला फार खोल होती. खुबा गेलेल्या माणसाला आत पडता यायचं, बाहेर निघता यायचं नाही. गाडी चालवायला हौस तीच होती. पण थांबली की द्वारकेनं आधी उतरायचं, पुढून वळसा घालून त्याच्या दाराशी यायचं, दार ओढायचं, खांदा खाली करायचा. मग तो दोन्ही हातांनी तो खांदा धरून, कण्हत, शिव्या घालत उभा राहायचा. भर बाजारात. रोज.

पहिल्यांदा त्यानं इकडं तिकडं बघून घेतलं होतं. "लोक बघून राह्यले," म्हणाला.

"बघू द्या की," द्वारका म्हणाली. "धरलं न्हाई तर पडाल."

"पडलो तर उचलशील न्हवं?"

"एकदा उचललंय. रोज न्हाई उचलणार. धरा."

तिला आठवण होती की नव्हती, त्या फटफटीची? मी विचारलं नाही. तिच्या तोंडाकडं बघून काही कळायचं नाही. भिंत मधे नव्हती, तरीही.

शेवटचं सांगते. दर आठवडी बाजाराला दोघं जालन्याहून बदनापूरला यायची. जालन्यात भाजी मिळत नाही असं थोडंच आहे? पण गाडी गावाला दाखवायची असायची. तो गेला, त्याच्या आदल्या दिवशी बाजारच होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप हातात असताना त्यानं मान टाकली, गाडीचा काही संबंध नव्हता. पण त्या दिवशी तो आला तो नेहमीसारखाच.

रेल्वे गेट बंद होतं. मी गेटाच्या अलीकडे पिशवी घेऊन उभी होते, आणि ह्याची गाडी माझ्यापुढं येऊन थांबली. मागच्या काचेवरच्या चांदण्यांतल्या दोन उन्हानं सोलून गेल्या होत्या. उरलेल्या दोघी एकमेकींपासून लांब. रेल्वे गेल्यावर गेट उघडलं, हा पटरीवरून दडदड आवाज करीत गेला, ब्रेक न लावता, आणि मागोमाग मी चालत. द्वारकेचा पट्टा पदराच्या वर होता. आताशा ती झाकत नव्हती. कारभारीचा अजून मखमलीखालीच गाडलेला होता.

बाजाराच्या तोंडाशी त्यानं गाडी उभी केली. द्वारका उतरली, दार दोनदा आपटलं, वळसा घालून आली. खांदा खाली केला. वांग्यांच्या ढिगाशी बसलेल्या बाया बघत होत्या, गेटावरचे रिकामटेकडे बघत होते. त्यानं खांदा धरला.

"जरा हळू की गं. माणूस हाय का पोतं?"

"पोतं हलकं असतंय. धरा नीट."

तो उभा राहिला, धोतर झटकलं, आणि मला बघून म्हणाला, "वैनी, कधीच्या चला म्हणून राह्यलो, बसत न्हाई तुम्ही गाडीत. अशी गाडी परत मिळणार न्हाई. झाड पाडलंय हिनं."

"आधी भाजी घ्या, भाऊजी," मी म्हटलं.

मग त्यानं नेहमीसारखी मेथीची जुडी उचलली, हातावर तोलून बघितली, हलकी म्हणून खाली टाकली, दुसरी उचलली. भाजीवालीशी भांडला. वांगी टिचकीनं वाजवून बघितली, ती वाजत नाहीत हे ठाऊक असून. एक हात द्वारकेच्या खांद्यावर तसाच होता. भाजीवाली म्हणाली, "दादा, आता तरी सोडा बाईला, पिशवी धरायचीय तिला." बाया हसल्या.

त्यानं ऐकलं. पण हात काढला नाही. दुसऱ्या हातात पिशवी घेतली, स्वतः, आणि दोघं कांद्याकडं गेली.